कुंपा बाकिझिओच्या दुकानाविषयी

१४ ऑक्टोबर २०१७

प्रिय कुंपा बाकिझिओ,

तुमची, लेक रोझानाची आणि तिच्या घरच्या सगळ्यांची तब्येत चांगली असेल असं धरून लिहायला बसले आहे. मान्हाइमला आता थंडी पडायला लागली असेल. अशा हवेत आइस्क्रीमच्या दुकानाचं कसं चालतं ते रोझानाच जाणे.

माझ्या पिएरोला बाप्तिस्म्याच्या वेळी तुम्ही हातांवर घेतलंत, त्या दिवसापासून तुम्ही माझे कुंपा आणि मी तुमची कुमा. मधली काही वर्षं बोलणं राहिलं. पण धर्मबापाचं नातं बोलणं बंद केल्याने तुटतं असं मी मानत नाही. तुम्ही मानत असाल तर पत्र इथेच घडी करून ठेवा, मला राग येणार नाही.

गावाकडचं सांगते. यंदा बुचाच्या झाडांची साल चांगली निघाली, जाड आणि कमी भोकांची. लिंबारा डोंगराच्या उतारावर सप्टेंबरात आग लागली होती, पण वारा फिरला आणि आपल्या बाजूचं रान वाचलं. तुमचा धर्मपुत्र लिव्होर्नोला बोटीवरच आहे. लग्नाचं नाव काढलं की त्याला नेमकं कुठलं तरी बंदर गाठायचं असतं. शेजारची तोमासिना शिवणकाम सोडून आता दिवसभर माझ्याकडेच असते. तिची जीभ तुम्ही गाव सोडून गेलात तेव्हा होती तशीच आहे.

आता मुद्द्याचं. सास्सारीच्या विद्यापीठात फेब्रुवारीत एक परिषद भरते आहे. युरोपभर ठिकठिकाणी लोकांनी आपापली चलनं काढली, त्यांचा अभ्यास करणारी मंडळी येणार आहेत. व्हिएन्नाहून, बार्सेलोनाहून, शिवाय सरकारांना धोरणाचे सल्ले देणारे काही जण. मी संशोधनातून निवृत्त झाले तरी त्यांनी मला आपल्या गावच्या मंडळावर बोलायला सांगितलं आहे. पत्रकासाठी चार ओळी मागितल्या, त्या अशा लिहून दिल्या:

‘बँकांनी लहान धंद्यांना कर्ज देणं थांबवलं तेव्हा बेटाच्या उत्तरेकडच्या गाल्लुरा भागातल्या एका गावातले कारखानदार, दुकानदार आणि कारागीर एकत्र आले. एकमेकांचा माल आणि काम घ्यायचं आणि युरोऐवजी हिशोबात लांदे मांडायचे, असं त्यांनी ठरवलं. लांदे म्हणजे ओकाच्या झाडाचं फळ. एका लांदेला एका युरोचा माल मिळे. पण लांदेचे युरो करून मिळत नसत, त्यावर व्याज नसे. ज्याच्याकडे साठतील त्याने ते मंडळातच खर्च करायचे. या पद्धतीने अनेक धंदे तगले.’

यातलं काही खोटं नाही. नळ दुरुस्त करणारा, छपाईवाला, न्हावी, आमचा बुचांचा कारखाना, सगळे तगले. तुमच्याबद्दल मात्र त्यात एक शब्द नाही. कसा लिहावा ते मला कळेना. म्हणून वाटलं की तुम्हीच यावं आणि तुम्हीच बोलावं. बोटीचं भाडं विद्यापीठ देईल. परिषद सोळा फेब्रुवारीला आहे.

माझा जोम्मारिया हल्ली घरीच असतो. कारखाना भाच्याच्या हाती दिला आहे. त्याने उभं केलेलं मंडळही बंद करायचं ठरलं आहे. सभेला आठ-दहा माणसं आली होती, ठराव करून सगळे कॉफी प्यायला गेले. त्याने तुम्हाला नमस्कार सांगितला आहे असं लिहिण्याची रीत असते, पण मी पत्र लिहिते आहे हे त्याला ठाऊक नाही.

बाकी ठीक.

तुमची कुमा,
माद्दालेना


९ डिसेंबर २०१७

प्रिय कुंपा,

तुमचं कार्ड मिळालं. एका बाजूला मान्हाइमचा पाण्याचा मनोरा आणि दुसऱ्या बाजूला तुमची एकच ओळ: ‘कुमा, बोलायचं असेल तर तुमच्या नवऱ्याने स्वतः लिहावं, बायकोला पुढे करू नये.’

तोमासिनाने ती माझ्या आधी वाचली. म्हणाली, बाकिझिओ जर्मनीत जाऊन मवाळ झालेला नाही, बरं वाटलं.

तुमचं म्हणणं बरोबर आहे. जोम्मारियाने लिहायला हवं होतं. पण तो लिहू शकत नाही, कुंपा. मे महिन्यात अंगणात साल उकळायच्या कढईपाशी उभा होता, तिथेच कोसळला. उजवी बाजू गेली. जेवण डाव्या हाताने, तेही कोणीतरी वाटी धरली तर. आणि वाचा गेली. म्हणजे एक शब्द सोडून सगळी गेली.

तो शब्द ‘उद्या’.

पाणी हवं असलं तरी उद्या, पाणी नको असलं तरी उद्या. मी खोलीत आले की माझ्याकडे बघून उद्या. आठवड्यातून एकदा पिएरोचा फोन येतो, मी तो त्याच्या कानाला लावते. मुलगा बोलत राहतो आणि बाप इकडून उद्या, उद्या म्हणत असतो. ऑल्बियाचे डॉक्टर म्हणाले, असं पुष्कळांचं होतं. एखादा शब्द मेंदूत अडकून राहतो, त्यात अर्थ शोधू नका. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. ते या गावचे नाहीत.

हे वाचून तुम्हाला काय आठवेल ते मला माहीत आहे. मलाही पहिल्या दिवशी तेच आठवलं.

आमच्या स्वयंपाकघरात तुम्ही दोघं बसलेले असायचात. गावातल्या प्रत्येकाने कमावलेले लांदे शेवटी तुमच्या किराणा दुकानात यायचे, कारण माणूस न्हाव्याशिवाय महिना काढतो, पण पीठ आणि तेल रोज लागतं. आणि तुम्हाला मात्र पीठ बोटीने मुख्य भूमीवरून आणायचं, तिथला व्यापारी लांदे बघून हसायचा. तुम्ही दुकान दोनदा रंगवून घेतलंत. दात नीट करून घेतलेत. रोझानाच्या लग्नातले फोटो, कपडे, वाजंत्री, सगळं लांदेवर झालं. अख्खा गाव म्हणायचा, बाकिझिओसारखा थाट कुणाचा नाही. आणि कोठीत पिठाची गोणी नव्हती. तुम्ही जोम्मारियाला सांगायचात, मला थोडे दिवस लांदे घेणं थांबवू दे. तो म्हणायचा, तू थांबलास तर सगळं थांबेल. उद्या ऑल्बियाचा गिरणीवाला मंडळात येतोय. उद्या तेलवाला सही करतोय. उद्या सरकारचं पत्र येईल, कर लांदेत भरता येईल. तो खोटं बोलत नव्हता, कुंपा. ते सगळं खरंच उद्यावर आलेलं आहे असं त्याला वाटायचं. मी दोघांच्या मध्ये बसून टिपणं काढत होते.

मग तुमचं दुकान बंद पडलं, आणि तो ईस्टरचा रविवार आला. चर्चच्या पायऱ्यांवर तुम्ही सगळ्यांदेखत त्याला म्हणालात, ‘जोम्मा, तुझ्या उद्याचा पाव भाजता येत नाही.’ आणि पुढे म्हणालात, ‘मी मेलो तर माझ्या मयताला येऊ नकोस. तुझ्या मयताला मी येणार नाही.’ तो तुमच्या मागे चार पायऱ्या उतरला आणि थांबला. उरलेल्या का उतरला नाही, हे मी त्याला कधी विचारलं नाही. आता विचारून उपयोग नाही.

तुम्ही म्हणाल, हे सगळं पहिल्या पत्रात का नाही लिहिलंत. मुद्दामच नाही लिहिलं. आजाऱ्याची दया येऊन तुम्ही आला असता तर तुमचा राग बोटीवरच सोडून यावं लागलं असतं, आणि तुमचा राग खरा आहे. तो घेऊनच तुम्ही यावं असं मला वाटत होतं. पण आता तुम्ही थेट त्याचंच नाव काढलंत, तेव्हा लपवणं म्हणजे फसवणं झालं असतं.

परिषदेला यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी पुन्हा विचारणार नाही.

नाताळ जवळ आला आहे. रोझानाला आणि मुलांना माझे आशीर्वाद.

कुमा माद्दालेना


५ मार्च २०१८

प्रिय कुंपा बाकिझिओ,

रोझानाला फोनवर कळवलं होतं, म्हणजे बातमी तुम्हाला पोचलेली आहे. जोम्मारिया गेल्या सोमवारी सकाळी गेला. फार त्रास झाला नाही. बुधवारी पुरलं. पिएरो वेळेवर पोचला. थडग्यापाशी वारा इतका होता की पाद्रीबाबांचं अर्धं बोलणं कुणाला ऐकू आलं नाही, आणि ते मला बरंच वाटलं. मंडळातले बहुतेक सगळे आले होते. सुताराने पेटीचे पैसे घेतले नाहीत. युरो नको म्हणाला, आणि लांदे आता राहिलेच नाहीत.

तुम्ही आला नाहीत. येणार नाही असं पायऱ्यांवर सांगितलं होतंत, ते पाळलंत. पण त्याआधी येऊन गेलात, ते तुमच्या शब्दात कुठेच बसत नव्हतं. त्याबद्दल लिहायला मला इतके दिवस लागले.

मी तेव्हा घरी नव्हते. परिषदेचं आमंत्रण मीच दिलेलं, म्हणजे त्या दिवशी मी सास्सारीला असणार हे तुम्हाला ठाऊक होतं. तो दिवस तुम्ही मुद्दाम निवडलात ना? तसं असेल तर मला काही म्हणायचं नाही. जे झालं ते मला फक्त तोमासिनाकडून कळलं आहे. ती तिखटमीठ लावते, तेव्हा कुठे चुकलं असेल तर दुरुस्त करा.

ती म्हणते, तुम्ही दार वाजवलंत आणि कोट न काढताच म्हणालात, ‘मी भांडायला आलोय. कुठे आहे तो?’

ती म्हणाली, ‘भांडा की. आतच आहे, पळून जायचा नाही.’

तुम्ही आत गेलात. तो खिडकीपाशी खुर्चीत होता. त्याने तुमच्याकडे बघितलं, डावा हात वर केला आणि म्हणाला, ‘उद्या.’ तुम्ही तोमासिनाकडे वळून म्हणालात, ‘एवढ्या लांबून भांडायला आलो, आणि याने भांडायला तोंडच ठेवलं नाही.’

मग म्हणे तुम्ही तिच्यावरच उखडलात, कारण त्याची दाढी नीट केलेली नव्हती. ती म्हणाली, मी शिंपीण आहे, न्हावी नाही. तुम्ही गरम पाणी आणि वस्तरा मागितलात, बाह्या वर सारल्यात आणि स्वतः त्याची दाढी करायला बसलात. करता करता बोलत होतात. जर्मन लोक ओव्हरकोट घालून आइस्क्रीम खातात ते सांगितलंत. नातवाला आपली भाषा येत नाही, पण आपल्या शिव्या येतात, हे सांगितलंत. तोमासिना म्हणते, तो हसला. मे महिन्यापासून मी त्याला हसताना बघितलेलं नव्हतं.

आणि मग त्याची हनुवटी हातात धरून तुम्ही म्हणालात, ‘जोम्मा, ऐक. ते ऑल्बियातलं मोठं स्वस्त दुकान उघडलं, तेव्हाच माझं संपलं होतं. तुझे लांदे नसते तरी माझं दुकान बंद पडलंच असतं. उलट लांदेमुळे दोन वर्षं जास्त चाललं.’

त्याने तुमचं मनगट धरलं. पुन्हा पुन्हा ‘उद्या’ म्हणत राहिला. तोमासिना सांगते, प्रत्येक वेळी सूर वेगळा होता. ती सूप गरम करायला निघून गेली. पुढचं तिलाही माहीत नाही, आणि मी विचारत नाही. ती परत आली तेव्हा तो झोपला होता आणि तुम्ही कोट घालून दारात उभे होतात, ऑल्बियाची बस गाठायची म्हणून. सूप पिऊन जा म्हणाली तर तुम्ही उभ्याउभ्याच प्यायलात.

आता त्याच दुपारी मी काय करत होते ते सांगते.

सास्सारीच्या सभागृहात मी बोलायला उभी राहिले. हातात आधी लिहिलेलं भाषण होतं, तेच पत्रकातलं, किती धंदे तगले वगैरे. ते मी वाचलं नाही. मी तुमच्या दुकानाबद्दल बोलले. गावाची सगळी देवाणघेवाण कशी वाहत येऊन एका काउंटरवर थांबायची, आणि त्या काउंटरमागच्या माणसाला ती पुढे कुठे ढकलता यायची नाही, ते सांगितलं. आमच्या पद्धतीत देणेकरी किती उधारीत जाऊ शकतो याला मर्यादा होती. ज्याच्याकडे नुसतं येतच राहतं, त्याच्यासाठी आम्ही काहीच ठरवलं नव्हतं. तो सुखी आहे असंच सगळे धरून चालले होते. आणि त्यामुळे एक चांगलं चाललेलं दुकान बुडालं, हे मी तिथे स्पष्ट म्हटलं.

व्हिएन्नाचे एक सल्लागार, सभ्य गृहस्थ, उठून म्हणाले की एवढ्या दुकानांतल्या एका दुकानावरून निष्कर्ष कसा काढायचा?

मी म्हटलं, ‘दुकानं पुष्कळ होती. पीठ विकणारं एकच होतं.’

मग बोलणं साहजिकच देशांवर गेलं, कोणत्या देशात शिल्लक साठते, कोणत्या देशात तूट, कोणी खर्च करायला हवा. तासभर चाललं. चांगलं चाललं. तुम्ही असता तर कंटाळून बाहेर सिगरेट ओढायला गेला असता.

म्हणजे बघा, कुंपा. तिकडे मी परक्या माणसांना खरं सांगत होते, आणि त्याच वेळी माझ्या घरात तुम्ही माझ्या नवऱ्याला खोटं सांगत होतात.

खोटंच ते. तुमच्या दुकानाचा मी अभ्यास केलेला आहे, तुमच्यापेक्षा बारकाईने. ऑल्बियातलं ते मोठं दुकान उघडलं, तेव्हा तुमचं शटर खाली येऊन वर्ष उलटून गेलं होतं. लांदे नसते तर तुमचं दुकान बंद पडलं नसतं. तुम्हाला ते माहीत आहे.

आणि त्यालाही माहीत होतं. हे तुम्हाला सांगावं की नाही याचा मी फार विचार केला. त्याची वाचा गेली होती, अक्कल गेली नव्हती. ते दुकान उघडलं त्या दिवशी तो मुद्दाम बघायला गेला होता. परत येऊन जेवला नाही. म्हणाला, हे दोन वर्षं आधी उघडलं असतं तर निदान मला दोष त्याच्यावर ढकलता तरी आला असता.

तेव्हा तुम्ही त्याची हनुवटी धरून जे सांगितलंत, ते खोटं आहे हे त्याला ऐकताक्षणी कळलं असणार. तुम्ही ते का बोललात हेही कळलं असणार. मनगट धरलं ते म्हणूनच, असं मला वाटतं.

मी संध्याकाळी घरी आले. त्याचे गाल गुळगुळीत होते आणि घरात दाढीच्या साबणाचा वास होता. तोमासिना सगळं एका दमात सांगून मोकळी झाली. मी त्याच्यापाशी बसले. एरवी मी कुठून आले की काय झालं ते त्याला सविस्तर सांगायची, तो डोळ्यांनी विचारायचा. त्या दिवशीही विचारलं. मी म्हटलं, परिषद ठीक झाली, जेवण वाईट होतं. त्याने डाव्या हाताने माझा हात उचलून स्वतःच्या गालावर ठेवला, आणि रडला. आम्ही दोघं तसेच बसलो. त्यानंतर तो दहाच दिवस होता, आणि ते दिवस आधीच्या महिन्यांसारखे नव्हते. खायला नको म्हणायचा नाही. झोप लागायची.

आता परिषदेचं पुस्तक निघतंय आणि माझं भाषण त्यात जाणार आहे. छापू की नको, हे मी तुम्हाला विचारत नाही. छापणारच आहे. कुठल्या तरी गावात उद्या पुन्हा कोणी असं मंडळ काढेल, आणि त्यांच्यातही एक पीठवाला असेलच. विचारायचं आहे ते नावाचं. आजवरच्या माझ्या सगळ्या लेखांत तुम्ही ‘अन्नधान्याचा एक किरकोळ व्यापारी’ होतात. या वेळी मला बाकिझिओ लिहायचं आहे, आणि दुकान कोणत्या रस्त्यावर होतं तेही. नको असेल तर कळवा, मी ऐकेन.

पुस्तक जे वाचतील त्यांना खरं कळेल. पण इथे गावात, बाजारात, चर्चच्या पायऱ्यांवर कोणी मला विचारलं की बाकिझिओचं दुकान का हो बंद पडलं, तर मी तेच सांगणार आहे जे तुम्ही जोम्मारियाला सांगितलंत. काल न्हाव्याच्या बायकोने विचारलंच. मी सांगितलं. सहज जमलं.

सांभाळून राहा. छातीला वारा लागू देऊ नका.

तुमच्या त्या एका खोट्याबद्दल जन्मभर कृतज्ञ,
कुमा माद्दालेना